छताखालचा रस्ता

तुम्ही इंदूरहून ऐकत असा, बडोद्याहून किंवा बंगळुरूहून, खड्ड्यांची ओळख करून द्यायला नको. मला प्रश्न वेगळा विचारायचाय. पंधरा वर्षं टिकावा म्हणून बांधलेला रस्ता खरंच टिकेल का, हे पंधरा वर्षं न थांबता कसं कळणार?

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला 'कॅप्टिफ' नावाची प्रयोगशाळा आहे. इमारतीच्या आत ५८ मीटरचा गोल रस्ता. काँक्रीटच्या हौदात खाली माती, मग खडी, वर डांबर. दोन यांत्रिक हात चाकं घेऊन त्यावर घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात. ड्रायव्हर नाही, सुट्टी नाही. कित्येक वर्षांची रहदारी काही महिन्यांत उरकते.

पण छत कशाला? उघड्यावर रस्ता फुटला की दोष वजनाचा, पावसाचा की उन्हाचा, हे वेगळं काढणं अवघड. आत पाऊस नाही, ऊन नाही. दोन चाकांना वेगळं वजन द्या, शेजारशेजारच्या पट्ट्यांवर फिरवा. फरक पडला तर तो वजनाचाच.

वजनाचा हा हिशेब आधी उघड्यावरच मांडला गेला. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात लष्करी ड्रायव्हरांनी खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवले. त्यातून ढोबळ नियम निघाला: एका आसावरचं वजन दुप्पट, तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट.

आता आपल्याकडे या. २०१८ साली चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढलं जेमतेम तेरा टक्के. या नियमाने झीज वाढते साठ टक्क्यांच्या आसपास. आणि ओव्हरलोड ट्रकचं गणित तर यापुढे सुरू होतं. वाचलेलं भाडं एकाच्या खिशात, खड्डा मात्र सगळ्यांच्या वाट्याला.

या चाचणीला मर्यादाही आहेत. चाकं घाईघाईने फिरवता येतात, पण डांबराचं म्हातारपण तसं घाईत आणता येत नाही. वर्षानुवर्षं हवा आणि ऊन खाऊन ते कडक होतं, मग तडकतं. म्हणून आतले आकडे बाहेरच्या रस्त्याशी ताडून पाहावेच लागतात.

वेगवान चाचणीचं यंत्र दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेकडेही आहे. तेव्हा पुढच्या वेळी नवा रस्ता पाहिलात, तर किती कोटींचा एवढंच विचारू नका. किती वजनाच्या किती फेऱ्या धरून बांधलाय, हेही विचारा.