गाळलेल्या पाण्याचे बळ



पाणी गाळून प्यावे, हा संस्कार जैन घराघरांत दुहेरी वस्त्राच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. त्यामागील हेतू जीवदया हा होय. तेच वस्त्र माणसाचेही प्राण कसे वाचविते, याचे उदाहरण बांगलादेशातील मतलब या भागात घडले.

तेथे तळ्या-नद्यांचे पाणी पिण्यात येई व पटकीची साथ वरचेवर उद्‌भवे. पटकीचा सुटा जंतू कापडातून सहज निसटतो; परंतु पाण्यातील ज्या सूक्ष्म प्राण्यांना तो चिकटून राहतो, ते चार पदरी सुती साडीत अडकतात. साडीही जुनीच हवी. धुऊन धुऊन तिचे तंतू फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. डॉ. रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत, याची तीन वर्षे परीक्षा केली. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. कार्यकर्त्या घरोघर जाऊन कापडाची घडी घालणे, ते धुणे, उन्हात वाळविणे शिकवीत. मात्र पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा केवळ ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळत होत्या. शिकविणारे गेले की सवय सुटते. जी सवय संस्कार होते, तीच टिकते.

तथापि केवळ कापडावर विसंबणे योग्य नव्हे. सुटे जंतू मारण्यास पाणी उकळणे वा त्यात क्लोरीन घालणे आवश्यकच आहे. आणि रोग जडलाच, तर विलंब घातक ठरतो. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांच्या नातलगांकरवीच पाजविले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. ते प्राण आई, भाऊ, शेजारी यांच्या हातांनी वाचले.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी इतकाच संकल्प व्हावा: प्रत्येक घरी स्वच्छ गाळणे, उकळलेले पाणी व जलसंजीवनीची पुडी असावी, आणि जे आपल्या घरी आहे, ते शेजारच्या वस्तीतही पोहोचावे. जीवदयेची हीच खरी व्याप्ती होय.

जय जिनेंद्र!