तीन टनांचा हिशेब



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून कोणी ही संध्याकाळ दुसरीकडे घालवायचे ठरवले असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. कंबोडियातील मानवसंहार हा ऐकायला सुखाचा विषय नव्हे. तरी आपण आलात. मीही कवट्यांच्या राशींची वर्णने करून आपल्या अंगावर शहारे आणण्याचा उद्योग करणार नाही. मला एका आकड्याविषयी बोलायचे आहे. तो आकडा म्हणजे हेक्टरी तीन टन भात.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाचे सैनिक राजधानी नोम पेन्हमध्ये शिरले. पाच वर्षांची यादवी आणि १९७३ पर्यंत चाललेली अमेरिकन विमानांची बाँबफेक यांना भिऊन पळालेली खेड्यांतली माणसे त्या शहरात दाटली होती. वस्ती वीस लाखांच्या घरात गेली होती. लढाई संपली म्हणून लोक रस्त्यावर आले, त्यांनी सैनिकांचे स्वागतही केले. त्याच दिवशी हुकूम सुटला, शहर सोडा. अमेरिका बाँब टाकणार आहे, दोनतीन दिवसांत परत याल. एप्रिल म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. इस्पितळांतले रुग्णसुद्धा खाटांसकट बाहेर लोटण्यात आले. ते दोनतीन दिवस पावणेचार वर्षे टिकले.

आपण सारे पेठांतून राहणारी माणसे. दुकान, कचेरी, शाळा, छापखाना आणि वर्षातून एकदा अशी व्याख्याने. त्या राज्यकर्त्यांच्या लेखी असे राहणे हाच अपराध होता. शहरातून हाकललेल्यांना त्यांनी नाव दिले ‘नवे लोक’. खेड्यांत आधीपासून त्यांच्या ताब्यात असलेले ते ‘जुने लोक’. नव्यांना ऐकवले जाई, तुम्हांला ठेवून लाभ नाही, घालवून तोटा नाही. ही भाषा संतापाची नाही, हे ध्यानात घ्या. ही वहीखात्याची भाषा आहे.

चलन रद्द झाले. बाजार, शाळा, बौद्ध विहार बंद झाले. सत्ताधाऱ्यांनी स्वतःला नाव घेतले नुसते ‘अंगकार’, म्हणजे संघटना. तिचा प्रमुख पोल पॉट. मूळ नाव सालोथ सार. हा पॅरिसला रेडिओचे शास्त्र शिकायला गेला आणि परीक्षेत नापास होऊन परतला. त्याचा सहकारी ख्यू सांफान याने मात्र तिथेच अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. अडाण्यांचे राज्य होते म्हणून असे घडले, हे समाधान आपल्याला मिळण्यासारखे नाही.

१९७६ साली चार वर्षांची योजना आखली गेली. साऱ्या देशाने हेक्टरी तीन टन भात पिकवायचे, तांदूळ परदेशी विकायचा, त्यावर यंत्रे आणायची. युद्धापूर्वीचा उतारा होता एक टनाच्या आसपास. बैल कमी, खत नाही, आणि शेतात राबायला शिक्षक, शिंपी, कारकून. तीन टन येणार कोठून? पण संघटनेला नाही म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा स्थानिक कार्यकर्ते तीन टन झाले असे कळवू लागले. वरच्या साहेबाला रुचेल असा आकडा कळवायचा, ही विद्या जगातल्या सगळ्याच कचेऱ्यांना अवगत आहे. (हशा.)

हसलात, ठीक आहे. पण सरकारचा वाटा त्या कळवलेल्या आकड्यावर उचलला जाई. काही तांदूळ चीनला रवानाही झाला. मागे राहिलेल्यांच्या वाडग्यात पाणीदार पेज आली. स्वतंत्र चूल मांडायला बंदी. सार्वजनिक भोजनगृहात मिळेल ते खायचे. रानातले कंद स्वतःसाठी उकरणे ही चोरी, आणि तिची शिक्षा मरणसुद्धा असे.

माणसे मरू लागली तेव्हा वरून प्रश्न आला, भात गेले कुठे? योजना चुकणे शक्य नव्हते. म्हणजे कोणी तरी घातपात केला. मग ज्या कार्यकर्त्याने काल तीन टन कळवले, तोच आज शत्रू ठरला आणि नोम पेन्हच्या एका शाळेत येऊन पडला. तुओल स्लेंगची ही शाळा आता ‘एस-२१’ नावाचा तुरुंग झाली होती. तिथला मुख्य दुच हा पूर्वीचा गणिताचा शिक्षक. छळ करून कबुलीजबाब लिहून घेत, आणि हा गृहस्थ समासात शेरे मारी. मी अमेरिकेचा हेर, मी रशियाचा, मी व्हिएतनामचा. आणि हे माझे साथीदार. त्या नावांवरून पुढच्या अटका. बारा हजारांहून अधिक माणसे त्या दारातून मरणाकडे गेली; वाचलेली बोटांवर मोजण्याइतकी. वान नाथ हा चित्रकार वाचला, कारण त्याला पोल पॉटची चित्रे रंगवायला लावली होती.

देशाची वस्ती सुमारे ७८ लाख. मेले १५ ते २० लाख. काही म्हणतात, यांतले पुष्कळ उपासाने आणि रोगाने गेले, त्यांना मारले कसे म्हणता? मी म्हणतो, त्यांच्या ताटातले भात ज्यांनी उचलले त्यांनाच विचारा.

हे थांबवले तेही कम्युनिस्टांनीच. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने नोम पेन्ह घेतले. त्यानंतरही संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाची खुर्ची कित्येक वर्षे ख्मेर रूजच्याच बाजूला राहिली. भारताने १९८० साली नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा बोल आपल्यालाच लागला. पोल पॉट १९९८ मध्ये मेला. आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे तो कधी उभा राहिला नाही.

दुच मात्र उभा राहिला. पळून जाताना उरलेल्या कैद्यांना ठार करण्यात आले, पण तुरुंगाचे दप्तर नष्ट करायचे राहून गेले. हजारो पानांचे कबुलीजबाब, कैद्यांची छायाचित्रे, समासातले शेरे, सारे तिथेच सापडले. २०१० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, तेव्हा पुराव्यात त्याच्याच हस्ताक्षरातले कागद होते.