शिरपूरचे अष्टेकर आणि अवकाशाचे धागे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त येलदरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘विज्ञान आणि धर्म’ हा विषय सुचविला होता. विषय फार मोठा आणि माझा अधिकार लहान. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. म्हणून एका प्राध्यापकाच्या कार्याविषयी बोलेन आणि शेवटी ट्रस्टकडे एक मागणे मागेन.

आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली अभय अष्टेकर यांचा जन्म झाला. पदवीपर्यंतचे शिक्षण भारतात घेऊन ते अमेरिकेस गेले. १९७४ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. पुढे ऑक्सफर्ड, पॅरिस, सिरॅक्यूज असा प्रवास करीत १९९३ पासून ते पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात स्थिरावले. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले आणि २०१८ साली अमेरिकन भौतिकी संस्थेचे आइनस्टाइन पारितोषिक त्यांना लाभले. हे सारे पाच वाक्यांत सांगून होते. ज्यासाठी हे आयुष्य वेचले तो प्रश्न मात्र असा झटपट सांगून होणार नाही.

आइनस्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात आणि त्या वक्रतेलाच आपण गुरुत्व म्हणतो, असे त्याचे सार. पुढच्या दहा-बारा वर्षांत अणूच्या अंतरंगाचे शास्त्र, म्हणजे पुंजभौतिकी, उभे राहिले. तेथे ऊर्जा सुट्या सुट्या पुडक्यांनी मिळते. दोन्ही शास्त्रे आपापल्या क्षेत्रात अचूक. परंतु दोहोंची एकत्र मांडणी करू गेले की गणित कोसळते. एका पेढीच्या दोन वह्या स्वतंत्रपणे बरोबर असाव्यात आणि ताळेबंद मात्र जुळू नये, तशी ही अवस्था.

१९८६ साली अष्टेकरांनी आइनस्टाइनची समीकरणे नव्या चलराशींत लिहून दाखविली. सिद्धांत तोच, मांडणी निराळी. परंतु या मांडणीत गुरुत्वाची भाषा इतर मूलभूत बलांच्या भाषेजवळ आली आणि पूर्वी हाती न लागणारी समीकरणे पुष्कळ सोपी झाली. त्या पायावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांनी जी इमारत उभारली तिला ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ म्हणतात. १९९५ साली त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की क्षेत्रफळ आणि घनफळ ही देखील हवी तितकी लहान करता येत नाहीत. त्यांचेही सुटे, ठरावीक टप्पे आहेत.

हे समजावताना कापडाचा दाखला देतात आणि या सभागृहात तो अधिक खुलासेवार सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडले की पोत सलग दिसतो. भिंग लावले की ताणा-बाणा दिसतो, आणि धाग्यांवाचून कापड म्हणून वेगळे काही उरत नाही. अवकाशही तसेच विणलेले आहे, असे हा सिद्धांत म्हणतो. येलदरीच्या धरणावर उभे राहून पूर्णेचे पाणी पाहताना ते थेंबाथेंबांचे आहे असे कोणास वाटते? येथे मात्र धागा इतका सूक्ष्म, की एक मीटरचे दहाने सलग पस्तीस वेळा भाग करावेत तेव्हा त्या मापाजवळ पोहोचावे.

२००६ साली अष्टेकर, तोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी ही मांडणी विश्वाच्या एका सोप्या प्रतिमानास लावली. महास्फोटाच्या क्षणी जेथे आइनस्टाइनची समीकरणे थांबतात, तेथे यांचे गणित थांबले नाही. त्यापूर्वी आकुंचन पावणारे एक विश्व होते आणि ते उसळी घेऊन प्रसरण पावू लागले, असे उत्तर आले.

आता आपल्यापैकी कित्येकांच्या ओठांवर जे आले असेल ते मला ठाऊक आहे. लोक अनादि-अनंत आहे. पुद्गलाचा एक परमाणू जेवढे आकाश व्यापतो तो ‘प्रदेश’. मग हे आमच्या आचार्यांनी आधीच सांगितले नाही का? मी विनयपूर्वक सांगतो, असे म्हणण्याची घाई करू नये. अष्टेकरांचा सिद्धांत अद्याप कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. उद्या तो चुकीचा ठरला तर आपण आगमही चुकीचे ठरले असे म्हणणार आहोत काय? मग आज त्याच्या खांद्यावर आगम कशाला ठेवावेत?

या बाबतीत मला डॉ. दौलतसिंह कोठारी यांची वाट अधिक योग्य वाटते. उदयपूरच्या जैन कुटुंबातील हे विद्वान. केंब्रिजहून परतून १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढे १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नील्स बोर यांच्या जन्मशताब्दी ग्रंथात, १९८५ साली, त्यांनी बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि स्याद्वाद यांचा एकत्र विचार मांडला. पुंजभौतिकी महावीरांनी शोधली असे मात्र त्यांनी म्हटले नाही. विचार करण्याच्या दोन रीतींचे साम्य त्यांनी दाखविले, एवढेच.

आता मागणे. आपल्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. या लहरींच्या गणितावर अष्टेकरांनीही दीर्घकाळ काम केले आहे. अशी वेधशाळा येथे होणार आणि तेथील शास्त्रज्ञ सारे बाहेरगावचे असणार काय?

माझ्याकडे गेल्या काही वर्षांत समाजातील एक मुलगी आली होती. गणितात विलक्षण. तिला भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करावयाचे होते. वडील म्हणाले, “सर, पाच-सात वर्षे शिकून पुढे काय? शिवाय मदत तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीलाच मिळते.” वडिलांना मी दोष देत नाही. एम. एस्सी.नंतर संशोधनाची पाच-सहा वर्षे आणि त्यानंतर तात्पुरत्या नेमणुका, हा रस्ता लांबचा आहे, आणि मीही तो अर्ध्यावर सोडला होता. पण त्यांचे दुसरे वाक्य माझ्या मनात रुतून राहिले, कारण ते खरे होते. आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांतील ती ओळ ज्या सभेत मंजूर झाली, त्या सभेत मी हजर होतो आणि हात वर केला होता.

त्या ओळीत ‘मूलभूत विज्ञान’ हे दोन शब्द घालावेत, असा लेखी अर्ज मी आज अध्यक्ष महोदयांच्या हाती देत आहे. ती मुलगी सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी करते. तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत आहे.

जय जिनेंद्र.