मंगळावरचा ठिपक्यांचा दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय मंगळ आहे असे मी कळविले, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी हसून विचारले, "पत्रिकेतला की आकाशातला?" मी आकाशातल्याविषयी बोलणार आहे. पत्रिकेतल्या मंगळापायी आपल्या पुष्कळ मुलींची लग्ने अडली. त्या बाबतीत आकाशातला बिचारा अगदी निरपराध आहे.

या मंगळावर पूर्वी कधी जीव होते काय, हा आजचा प्रश्न. जीव म्हणजे माणसे नव्हेत, झाडेही नव्हेत. दुधाचे दही करणारे, इडलीचे पीठ फुगविणारे जे डोळ्यांना न दिसणारे जीव, तसले. त्यांना कमी लेखू नका. आपल्या पृथ्वीवरही दोन अब्जांहून अधिक वर्षे तेच काय ते रहिवासी होते. आपण सारी मागाहून आलेली मंडळी.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेची 'पर्सिव्हिअरन्स' ही सहा चाकांची गाडी मंगळावर उतरली. ती उतरल्याची वार्ता नियंत्रण कक्षातून जगाला सांगणाऱ्या स्वाती मोहन आपल्यापैकी कित्येकींनी दूरदर्शनवर पाहिल्या असतील. त्यांच्या कपाळावरच्या टिकलीचीच चर्चा आपल्याकडे अधिक झाली! त्या बंगळूरच्या जन्माच्या. यान सुखरूप खाली नेण्याची दिशा आणि तोल सांभाळणाऱ्या पथकाचे काम त्यांच्याकडे होते, हे टिकलीपेक्षा महत्त्वाचे.

गाडी उतरली ती जागा म्हणजे 'जेझेरो' नावाचे ४५ किलोमीटर रुंदीचे विवर. कित्येक स्लाव भाषांत या शब्दाचा अर्थच मुळी सरोवर. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार ज्यांनी पाहिले असेल त्यांना कल्पना करणे सोपे जाईल. तेही आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले विवर, आणि त्यातही पाणी साठलेले. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, ते खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संस्थेतील संशोधकांना आढळले. जेझेरोतही सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी एक नदी येऊन मिळत होती आणि गाळ पसरीत होती. पुढे मंगळाची हवा विरळ झाली, पाणी गेले, गाळाचा दगड झाला. पृथ्वीवरचे इतके जुने दगड बहुतेक भाजून, दुमडून, भूगर्भात जाऊन नष्ट झाले आहेत. मंगळावर ते जागच्या जागी आहेत. तिकडे जाण्याचे हेच कारण.

जुलै २०२४ मध्ये त्या नदीच्या कोरड्या पात्रात गाडीला तांबूस मातीचा एक दगड दिसला. लांबी जेमतेम एक मीटर. त्यावर बिबट्याच्या कातड्यावर असावेत तसे फिकट ठिपके, आणि त्यांना गडद कडा. गाडीवरच्या उपकरणांनी पाहिले तेव्हा दगडात कर्बाची सेंद्रिय द्रव्ये आढळली, आणि ठिपक्यांत बहुधा दोन खनिजे: व्हिव्हियनाइट, म्हणजे लोह आणि फॉस्फेट, ग्रेगाइट, म्हणजे लोह आणि गंधक.

नावे अवघड आहेत, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. विहिरीचा गाळ उपसताना पाहिले आहे ना? तळचा थर काळाकुट्ट निघतो आणि त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. तिथे हवा पोचत नाही. तेव्हा तळचे सूक्ष्मजीव कुजका पाला खातात, आणि आपण श्वासाला हवा वापरतो तसे ते लोखंडाचा गंज आणि गंधकाची सल्फेटे वापरतात. त्यांच्या जेवणाचे जे उरते त्यात लोह-गंधकाची काळी द्रव्ये असतात. मंगळावरच्या त्या चिखलात खाणे होते, गंज होता, सल्फेटही होते. आणि उष्ट्यासारखे दिसणारे ठिपके आहेत!

मग जीव होते असे म्हणून टाकायला हरकत काय? सप्टेंबर २०२५ मध्ये जोएल हुरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात हा सारा वृत्तांत दिला, पण त्यांनी तसे म्हटले नाही. जीवांची ही खूण 'असू शकेल', एवढेच म्हटले. असली खनिजे जीवांवाचूनही होऊ शकतात. सल्फेटापासून अशी द्रव्ये आपोआप व्हावयास बरीच उष्णता लागते, आणि हा दगड तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. तरी दुसरी एखादी वाट नसेलच असे कोण सांगणार?

ही सावधगिरी भित्रेपणाची नव्हे, पोळलेल्यांची आहे. १९७६ मध्ये 'व्हायकिंग' यानांनी मंगळाच्या मातीवर पोषक द्रव शिंपडून पाहिला, तेव्हा मातीतून वायू निघाला. हा जीवांचाच उच्छ्वास, असे गिल्बर्ट लेव्हिन २०२१ मध्ये वारले तोवर म्हणत राहिले. पण बहुतेकांनी ते मानले नाही, कारण मातीत जीवांची द्रव्येच सापडली नव्हती. पुढे १९९६ मध्ये अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या एका अशनीत जीवाश्म असल्याचे जाहीर झाले. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर जातीने बोलले. पण त्यातली एकेक खूण जीवांवाचूनही होऊ शकते असे हळूहळू दिसू लागले.

येथे मला अ‍ॅबिगेल ऑलवुड या विदुषींचे नाव आवर्जून घ्यावयाचे आहे. दगडातील मूलद्रव्यांचा नकाशा काढणारे 'पिक्सल' हे गाडीवरचे उपकरण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. ऑस्ट्रेलियातले सुमारे ३.४३ अब्ज वर्षांपूर्वीचे थर सूक्ष्मजीवांनीच रचले, हे २००६ मध्ये त्यांनी साधार दाखविले. ग्रीनलंडमध्ये त्याहून जुने थर सापडल्याचा दावा २०१६ मध्ये झाला, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या, दगड पाहिले, आणि २०१८ मध्ये लिहिले की हे थर जीवांनी रचलेले दिसत नाहीत, दाबाने दुमडलेला खडक आहे. ज्या गोष्टीच्या शोधात आयुष्य घालविले तीच समोर आली असता 'ही ती नव्हे' म्हणावयाचे, हे मला तरी फार मोठे वाटते.

उरतो तो दगड. गाडीने त्याला भोक पाडून खडूच्या कांडीएवढा तुकडा नळीत बंद केला आहे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत त्यातले गंधक आणि कर्ब कणाकणाने तपासता येतील. जीवांनी हाताळलेल्या गंधकात हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण बदलते, ते मोजता येईल. पण नळी आणावयाची कोणी? २०२४ मध्ये 'नासा'ने सांगितले की त्या वेळच्या योजनेप्रमाणे अकरा अब्ज डॉलरपर्यंत खर्च होईल आणि २०४० पर्यंत वाट पाहावी लागेल. हे परवडणारे नाही, असेही त्यांनीच सांगितले. तेव्हापासून गाडे अडले आहे. चीनने २०२८ च्या सुमारास आपले यान पाठवून मंगळाची माती आणण्याचे योजिले आहे, पण ती दुसऱ्या जागेची असेल.

इथे प्यायला पाणी नाही आणि तिकडे एवढे पैसे कशाला, असे कोणी विचारील. नळाला पाणी नसलेल्या गावात मी वर्षे काढली आहेत, त्यामुळे त्या प्रश्नाला मी हसणार नाही. पण त्या नळीत जीवांची खूण निघाली, तर जीव निर्माण होणे हा विश्वातला एकदाच घडलेला चमत्कार नव्हे, शेजारच्या अंगणातही तो घडला होता, असे म्हणता येईल. अर्थात एका अंगणातले बी दुसऱ्यात उडून गेले काय, हा वाद मग सुरू होईलच!

कोणास काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. चहाला अजून दहा मिनिटे आहेत असे चिटणीसबाई खुणेने सांगत आहेत.