आपला श्वास आणि कोळशाचा धूर
(ग्रामसभांच्या शिबिरात केलेलं भाषण)



हल्ली गावात साहेब लोक येतात आणि हवामान बिघडलं असं सांगतात. ते खरंच आहे. पावसाचा भरवसा राहिला नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पुढे ते म्हणतात, "माणसं फार झाली. प्रत्येक जण श्वासातून कार्बन वायू सोडतो, वर तुमच्या चुली." म्हणजे दोष सगळ्यांचा सारखाच! हा हिशेब आपण तपासून बघू.

श्वासातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरं. एक माणूस दिवसाला साधारण 1 किलो सोडतो. पण तो आला कुठून? आपल्या जेवणातून. बांधीतल्या धानाने तो पावसाळ्यात हवेतून घेतला. आपण भात खाल्ला, श्वासातून तो परत हवेत गेला. पुढच्या पावसाळ्यात धान तो परत घेणार. बैलाचं, कोंबडीचं, वाघाचंही असंच. जेवढं उसनं घेतलं तेवढंच फेडलं. माणसं वाढली तरी ती खातात ते आधी पिकलेलंच असतं. म्हणून श्वासाने हवेत भर पडत नाही.

कोळशाचं तसं नाही. चंद्रपूरकडचा कोळसा म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुनी झाडं. ती जमिनीत गाडली गेली, हवेच्या हिशेबातून कधीच बाहेर पडली. तो कोळसा खणून जाळला की तो कार्बन हवेत नवी भर घालतो. आजची झाडं आणि समुद्र त्यातला काही भाग घेतात, उरलेला हवेतच साचतो. कारखाने येण्याआधी हवेच्या दर 10 लाख कणांमागे या वायूचे सुमारे 280 कण होते. आज 420 च्या वर गेलेत.

चंद्रपूरच्या वीज केंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत. कोळशाच्या 1 युनिट विजेमागे साधारण 1 किलो वायू निघतो. असा एक संच पूर्ण जोरात 1 तास चालला तर 5 लाख युनिट वीज आणि 5 लाख किलो वायू. म्हणजे 5 लाख माणसं दिवसभरात सोडतील तेवढा. त्या माणसांच्या श्वासाची फेड होते, याची होत नाही. आपल्या घरातही त्याच विजेचा दिवा लागतो, ते नाकारायचं नाही. पण 9 वॅटचा बल्ब रोज 5 तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही.

आता चुलीचं. जळतण वाळल्या फांद्यांचं असेल आणि जंगल पुन्हा वाढत असेल, तर त्याचीही फेड होते. पण उभं झाड तोडलं आणि त्या जागी परत वाढू दिलं नाही, तर ती उधारी आपल्या नावावर. धूर बायांच्या छातीत जातो ते वेगळंच. त्यासाठी चांगली चूल, गॅस आपण मागायलाच पाहिजे.

खाणीसाठी जंगल तोडलं तर नुकसान दुहेरी. झाडांत साठलेला कार्बन जातो, खालचा कोळसाही जळतो, आणि फेड करणारं जंगलच राहत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणून खाणीचा प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारायचे. झाडं किती जाणार? कोळसा किती जळणार? त्याची फेड कोण आणि कुठे करणार? उत्तरं तोंडी ऐकून सोडायची नाहीत. प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यायची, खाली सह्या-अंगठे घ्यायचे. आणि वणवा राखायला, रोपं जगवायला या उन्हाळ्यात प्रत्येक घरातून एक माणूस निघायचा. आपला हिशेब चोख असला, तरच दुसऱ्याला हिशेब मागता येतो.

जोहार!