भेग बुजली म्हणजे पूल सुधारला काय?

(रेल्वे कामगारांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)

साथींनो,

हल्ली पुलाच्या तपासणीची गोष्ट निघाली की एक नवी भाषा कानावर येते. काँक्रीट आपली भेग आपणच भरून काढते, यंत्राने तपासले, आकडा चांगला आला, आता दुरुस्तीची घाई नको. आम्ही इंजिनिअर नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे आहोत. पण त्याच पुलावरून आमचा कीमन खांद्यावर हातोडा-पाना घेऊन रोज चालतो आणि त्याच पुलावरून व पुलाखालून उतारू जातात. तेव्हा हा विषय आम्ही समजून घेणारच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की गोष्ट खोटी नाही. काँक्रीटमध्ये सगळे सिमेंट पहिल्याच दिवसांत कामी येत नाही. काही कण तसेच कोरडे राहतात. भेगेतून पाणी आत गेले की हे कण फुलतात. शिवाय सिमेंटमधील चुना पाण्यात विरघळतो, त्याला हवेतील कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि खडूसारखा पांढरा पदार्थ तयार होऊन भेगेत बसतो. पाण्याच्या टाकीची बारीक गळती काही आठवड्यांत आपोआप थांबते, ती अशी.

पण याला मर्यादा आहेत. पाणी नसेल तर काही होत नाही. भेग साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे केसाएवढी हवी. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे शास्त्रज्ञांनी काँक्रीटमध्ये जिवाणू व त्यांचे खाद्य मिसळून प्रयोग केले. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केले की १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणूंच्या काँक्रीटमध्ये ०.४६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या, साध्या काँक्रीटमध्ये फक्त ०.१८ पर्यंतच्या. आणि हे प्रयोगशाळेतले नमुने होते. त्यांच्यावरून मालगाडी जात नव्हती. आमच्या पुलावरची भेग प्रत्येक गाडीबरोबर उघडते आणि मिटते. अशा जिवंत भेगेत भरलेला खडू टिकत नाही. जुने ब्रिज खलाशी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहीत, ती याचसाठी. पट्टी तडकली म्हणजे भेग जिवंत आहे.

आता यंत्राकडे येऊ. काँक्रीट न फोडता तपासण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे सर्रास दिसतात. पहिली, रिबाउंड हातोडा. तो पृष्ठभागावर आपटतो आणि किती उसळला हे दाखवतो. तो वरच्या कातडीची गोष्ट सांगतो, आतल्या भेगेची नाही. जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेने कडक झालेली असते, त्यामुळे आकडा उगाच चांगला येतो.

दुसरी, अल्ट्रासॉनिक. एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचली हे मोजायचे. १९९२ च्या भारतीय मानकात वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरहून जास्त असेल तर काँक्रीट उत्तम आणि तीनपेक्षा कमी असेल तर शंकास्पद, असे धरले होते. पुढे मानक बदलले, तत्त्व तेच राहिले. आड भेग आली की लहरीला तिच्या टोकाला वळसा घालून जावे लागते, म्हणून वेळ जास्त लागतो. भेग भरत आली की वेळ कमी होतो. भेग किती सुधारली, हे असे मोजतात.

साथींनो, खरी मेख येथेच आहे. लहर कोरड्या हवेतून जवळजवळ जात नाही, पण पाण्यातून जाते. म्हणजे पावसाळ्यात भेगेत नुसते पाणी साचले असेल तरी यंत्र सांगेल की भेग भरली! तीच भेग एप्रिलमध्ये मोजा, आकडा पुन्हा घसरेल. लोखंडी सळईवरून लहर धावली तरी वेग फुगतो. आणि भेग तोंडाशी खडूने बुजली, गळती थांबली, म्हणून तिच्यात ताकद परत आली असे होत नाही. गळती थांबणे वेगळे, भार पेलणे वेगळे.

आणखी एक. पुलाच्या पोटाला पांढरे ओघळ दिसले की काही जण म्हणतात, बघा, भेग भरते आहे. बहुतेक वेळा तो चुना बाहेर वाहून चाललेला असतो, म्हणजे पाणी आरपार जाते आहे. ओघळ तांबूस असेल तर आतली सळई गंजते आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही, गँगमनचे डोळे पुरतात. पण त्याचे म्हणणे वहीत कोणी लिहून घेत नाही.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला आणि माणसे गेली. तेथे आपोआप बुजणाऱ्या भेगेचा प्रश्न नव्हता. पण त्या पुलाची तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरेल असा शेरा होता. शेऱ्याचा कागद भार पेलत नाही, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला.

आमचा यंत्राला विरोध नाही. यंत्राच्या नावाखाली तपासणीची माणसे कमी करण्याला विरोध आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत :

१) भेगेची मोजणी त्याच खुणेवर, पावसाळ्याआधी कोरड्यात व पावसाळ्यानंतर, अशी दोनदा व्हावी. मोजताना काँक्रीट ओले होते की कोरडे, हे नोंदवावे.

२) एकाच यंत्राच्या आकड्यावर 'सुधारले' असा शेरा देऊ नये. शंका असेल तेथे गाभ्याचा नमुना काढून पाहावा.

३) भेग जिवंत आहे की नाही हे ठरल्याशिवाय दुरुस्ती पुढे ढकलू नये.

४) त्या लांबीतल्या कामगारांचे म्हणणे वहीत लिहून त्याखाली त्यांची सही घ्यावी आणि निकाल त्यांना त्यांच्या भाषेत सांगावा.

५) उंचीवर तपासणी करणाऱ्याला, मग तो कायम असो वा ठेकेदाराचा, मचाण व कमरपट्टा मिळालाच पाहिजे.

प्रत्येक शाखेने आपल्या लांबीतल्या पुलांची व मोऱ्यांची यादी करावी. भेग कुठे, रुंदी किती, तारीख काय, हे स्वतःच्या वहीत लिहावे. पुढच्या बैठकीला ही वही घेऊन बसा. तोंडी तक्रार उडवून लावता येते, तारीखवार नोंद उडवता येत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!