माणूस ऐनवेळी आला नाही तर
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपली मुले आता मोबाईलवर लघुपट करू लागली आहेत, तेव्हा त्या कामातील एका नेहमीच्या संकटाविषयी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. ते संकट म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशी सहकाऱ्याने न येणे.

हे संकट जुनेच आहे. आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीसाठी स्त्री कलाकार मिळाली नाही. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी ती भूमिका दिली आणि १९१३ साली चित्रपट पडद्यावर आला. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत आणि फिल्मच्या कामातही हातभार लावीत. एकाला दोन कामे येत असल्यामुळेच ते निभावले.

महाविद्यालयात असताना आम्ही सहा जणांनी दांडिया बाजारातील एका जुन्या घरात एक लघुपट करावयास घेतला. आजी आणि नातू यांची कथा. घर एकाच दिवसापुरते मिळालेले. सकाळी सात वाजता चौघेच हजर होतो. ध्वनिमुद्रण करणारा मित्र फोन उचलीना. दिव्यांची व्यवस्था पाहणाऱ्यास ताप आला होता. पहिला अर्धा तास मी केवळ संतापण्यात घालविला.

आजीची भूमिका करणाऱ्या काकू शेवटी म्हणाल्या, “अरे, जे आले आहेत त्यांच्याकडे बघ. काय होईल तेवढे सांग.”

मग आम्ही संहिता पुढे घेतली. चौदा दृश्यखंडांपैकी नऊ संवादाविना होते. ते आधी घेतले. विजेचे काम अनोळखी हाती द्यायचे नाही असे ठरवून दिवे बाजूला ठेवले आणि काकूंना खिडकीपाशी बसविले. समोर पांढरी चादर धरली, की चेहऱ्यावर पुरेसा उजेड येई. संवादांसाठी एक मोबाईल त्यांच्या पदराआड ठेवला. प्रत्येक वेळी आरंभी टाळी वाजवीत असू, म्हणजे पुढे संकलनात चित्र आणि आवाज जुळविता येत. रिकाम्या खोलीची शांतताही अर्धा मिनिट मुद्रित केली. संवादांमधील सांधे झाकण्यास ती उपयोगी पडते. काकूंच्या नववीतल्या नातीने प्रत्येक खंडानंतर छायाचित्रे काढून वस्तूंच्या जागा टिपून ठेवल्या. दोन प्रसंग गाळले. त्यांवाचून कथा अडली नाही.

येथपर्यंतची गोष्ट युक्तीची झाली. मला सांगावयाची आहे ती याच्या पुढची.

रात्री त्या मित्राचा फोन आला. त्याला एका लग्नाच्या चित्रीकरणाचे काम मिळाले होते. त्या दिवसाच्या पैशांतून त्याला सत्राचे शुल्क भरावयाचे होते. आम्ही त्याला काहीच देत नव्हतो. “तुला सांगायला लाज वाटली,” तो म्हणाला. त्याने कळवावयास हवे होते, हे खरेच. पण महिनाभर रोज भेटूनही, फुकट राबणे त्याला परवडते का, हे मी एकदाही विचारले नव्हते. सकाळी इतरांसमोर त्याच्याविषयी मी जे बोललो, ते आजही मला टोचते. पुढे ध्वनीचे संकलन त्यानेच केले आणि नामावलीत त्याचे नाव लागले.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. चित्रीकरणाच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला स्वतः फोन करून विचारावे, “काही अडचण असेल तर आजच सांग, मी रागावणार नाही.” आणि खरोखरच रागावू नये. जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च आधीच बाजूला काढावा. प्रत्येक कामाची प्राथमिक माहिती आणखी एकाला असावी. कोणाविना काय अडेल आणि काय चालेल, याची यादी आदल्या रात्रीच करावी.

आपली शाळा लहान, वर्गात मुले मोजकी. स्नेहसंमेलनात कोणी आजारी पडले, की पडदा ओढणाराच रंगमंचावर उभा राही. दुसऱ्याचे काम शिकून ठेवण्याची सवय मला तेथेच लागली. पण दुसऱ्या दिवशी बाई त्या आजारी मुलाच्या घरी जाऊन येत, ही गोष्ट मी फार उशिरा आठवली. पालकहो, आपली मुले एकत्र येऊन काही करू लागली, तर त्यांना या दोन्ही गोष्टी सांगा, एवढीच विनंती.